प्लेगचे क्रूस आणि दोन डिसेंबर

२०२० च्या नोव्हेंबरात घरात बसून जुनी टिपणे लावत होतो. प्लेगविषयीच्या टिपणांची माझी एक जाड वही आहे. तिच्या पहिल्या पानावर मी फार पूर्वी १८९६ सालचे कॅलेंडर हाताने आखून ठेवले आहे, कारण त्या काळच्या कागदांत ‘गेल्या मंगळवारी’, ‘परवाच्या शनिवारी’ असे उल्लेख येतात आणि दर वेळी तारीख काढत बसावे लागते. समोर भिंतीवर २०२० चे कॅलेंडर होते. सहज नजर गेली आणि दिसले, की दोन्हींचे वार तारखेगणिक जुळतात. दोन्ही लीप वर्षे, दोन्हींचा १ जानेवारी बुधवारचा. म्हणजे मुंबईत प्लेग आला त्या वर्षीचा नाताळ शुक्रवारी आणि कोविडच्या वर्षीचा नाताळही शुक्रवारीच. नाताळाआधीच्या चार रविवारांचा जो काळ ख्रिस्ती लोक पाळतात, ज्याला मराठी कॅथलिक ‘आगमनकाळ’ म्हणतात, तोही दोन्ही वर्षी २९ नोव्हेंबरलाच सुरू होत होता.

यात गूढ काही नाही. कॅलेंडरे फिरून फिरून येतच असतात. पण माझ्यासारख्या माणसाला असा योगायोग पुरतो. मी ठरवले, की हा डिसेंबर दोन कॅलेंडरे शेजारी ठेवून पाहायचा. एका डिसेंबरचे कागद माझ्याकडे होते आणि दुसरा डोळ्यांसमोर घडणार होता.

मी वसईचा. ख्रिस्ती नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही. बारावीनंतर छापखान्यात लागलो तो लागलोच. आमची सुट्टी गुरुवारी असे, त्यामुळे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य अभिलेखागार मला उघडे सापडे. ज्यांची सुट्टी रविवारी असते त्यांना हे भाग्य लाभत नाही. इंग्रजी तिथेच सुधारले. जुन्या पोर्तुगीज नोंदी वाचण्यापुरते पोर्तुगीज एका फाटक्या शब्दकोशावरून जमवले. प्लेगकडे मात्र मी कागदांतून आलो नाही, अक्षरांतून आलो. लग्नपत्रिकांची प्रुफे घेऊन बांद्र्याला जावे लागे. रानवार, पाली, चिंबई, शेर्ली-राजन या जुन्या गावठाणांच्या गल्ल्यांतून जाताना घरांच्या मधेच उभे असलेले दगडी क्रूस दिसत. काहींच्या चौथऱ्यावर अक्षरे कोरलेली. छापखान्यातल्या माणसाला अक्षर दिसले की तो थांबतो. चुन्याचे थर चढून चढून ती अक्षरे बुजलेली असत. नखाने खरवडावे तर कुणीतरी वरच्या खिडकीतून हटकणार. असेच एकदा एका मावशींनी हटकले आणि मग बसवून चहाही दिला. आमची ओळख ती तेव्हापासूनची.

मावशी म्हणाल्या, हा प्लेगचा क्रूस. पणजोबांच्या वेळचा. तेव्हा आमच्या गल्लीत एकसुद्धा माणूस मेला नाही, म्हणून गल्लीने मिळून बांधला.

ही कथा मी नंतर बांद्र्यातल्या अनेक गल्ल्यांत ऐकली. माझगावात ऐकली, गिरगावात ऐकली. प्रत्येक गल्लीत कुणीच मेले नव्हते. मग मेले कोण, असा प्रश्न मला पडू लागला.

प्लेगची हकिकत वाचकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीतल्या एका रुग्णाला पाहून डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप, म्हणजे ब्युबॉनिक प्लेग असल्याचे ओळखले. हे डॉक्टर गोव्यातल्या हडफड्याचे कॅथलिक. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे आणि धोबी तलावाला उतरणाऱ्यांपैकी फारच थोडे जण त्याच्याकडे मान वर करून पाहतात. ६ ऑक्टोबरला पालिकेने रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा अधिकार घेतला. २९ ऑक्टोबरला संतापलेल्या गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लगेच सक्ती सैल करावी लागली. तोवर शहर रिकामे होऊ लागलेच होते. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत सुमारे निम्मी मुंबई निघून गेली. ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा आला. २०२० साली आपल्यावर लागू झालेला कायदा तोच.

पुण्याच्या प्लेगवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. रँड आणि चापेकर यांच्यामुळे ते साहजिकच आहे. मुंबईच्या उपनगरांतल्या ख्रिस्ती गावठाणांचा प्लेग मात्र मराठीत जवळजवळ आलेलाच नाही. खरे तर हे लोक मराठीच बोलणारे, भातशेती आणि मासेमारी करणारे. १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, ते गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या कॅथलिकांपासून आपण वेगळे आहोत हे सरकारला कळावे म्हणून. नाव इंग्रजी झाले आणि मराठी अभ्यासकांचे लक्ष तिथून उडाले, असे माझे मत आहे.

आता क्रुसांकडे येतो. पहिली गोष्ट ही, की बांद्र्यातला प्रत्येक जुना क्रूस प्लेगचा नाही. काही त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. २०१७ साली बाजार रोडवरचा एक जुना क्रूस महापालिकेने पाडला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला सरसकट प्लेगशी जोडले. त्याच्यावर साल होते १८९५, म्हणजे साथीच्या आधीचे. पण १८९६ नंतरच्या दहाएक वर्षांत गावठाणांतून जे क्रूस उभे राहिले, त्यांपैकी पुष्कळांचा संबंध प्लेगशी आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

दहा वर्षे कशासाठी? तर प्लेग एकदा येऊन गेला नाही. तो दर वर्षी येत राहिला. आणि त्याला ऋतू होता. पावसाळ्यात तो जवळजवळ नाहीसा होई, दिवाळी उलटून थंडी पडली की पुन्हा डोके वर काढी, डिसेंबरपासून वाढत जाऊन फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शिगेला पोहोचे. हे मी सरकारी तक्ते उतरवून घेताना पुन्हा पुन्हा पाहिले होते. पण ख्रिस्ती पंचांगाशी ते ताडून पाहावे हे मला २०२० पर्यंत सुचले नाही. प्लेगचा मोसम आणि आगमनकाळ एकाच सुमारास सुरू होत होते. दर वर्षी चर्चमध्ये पाद्री जांभळा झगा घालून येणाऱ्याची वाट पाहा म्हणून सांगत आणि त्याच आठवड्यांत घराच्या माळ्यावरून मेलेला उंदीर खाली पडे.

यावरून क्रुसांच्या कथेकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ‘कुणी मेले नाही म्हणून बांधला’ ही साथ संपल्यानंतरची, निवांतपणे सांगण्याची गोष्ट आहे. साथ संपली हे बांधणाऱ्यांना कुठून कळणार? पुढच्या डिसेंबरात ती परत येत होती. त्यातले निदान काही क्रूस आभार मानण्यासाठी नव्हे, तर येणाऱ्या मोसमाच्या धास्तीने उभे राहिले असावेत. साओ सेबास्तियन आणि साओ रोक हे दोघे महामारीपासून राखणारे संत. त्यातल्या सेबास्तियनचा सण २० जानेवारीला येतो, म्हणजे नाताळ उतरतो न उतरतो तोच, प्लेग चढत असताना. क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोझरी म्हणायची आणि या संतांचा धावा करायचा, ही वहिवाट तेव्हा रुजली.

हे सगळे गल्लीतच का, चर्चमध्ये का नाही? याची दोन कारणे मला दिसतात. एक कारण कारभाराचे. त्या काळी बांद्रा मुंबई शहरात नव्हते, ठाणे जिल्ह्यात होते. शिवाय तिथल्या कॅथलिकांवर दोन धर्माधिकार चालत. काही चर्चेस पोर्तुगीजांच्या पाद्रोआदोखाली, दमणच्या बिशपाकडे. काही रोमने नेमलेल्या मुंबईच्या आर्चबिशपाकडे. एकाच गल्लीतली दोन घरे दोन वेगळ्या चर्चना जात आणि हे भांडण १९२८ पर्यंत मिटले नाही. गल्लीतला क्रूस यातल्या कुणाचाच नव्हता. तो गल्लीचा होता. त्याच्यापुढे दोन्ही घरची माणसे गुडघे टेकू शकत.

दुसरे कारण रोगाचे. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. पण लोकांना त्याच्या आधीच एक कळले होते, की उंदीर मरू लागले की घर सोडायचे. घरच धोक्याचे. म्हणून ऐपत असलेले गाव सोडून गेले आणि बाकीचे शेतात, टेकडीवर, माडांच्या बागांत झोपड्या घालून राहिले. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली आणल्या तेव्हा प्लेगच्या भीतीने त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून त्या केडगावच्या उघड्या माळावर नेल्या; तीही याच महिन्यांतली गोष्ट. छप्पर वाईट आणि आभाळ चांगले, असे ते दिवस होते. उघड्यावर, मोकळ्या हवेत, शेजाऱ्यांनी एकत्र जमून केलेली प्रार्थना ही १८९६ च्या त्या नाताळात केवळ भक्तीची नव्हे, तर शहाणपणाचीही गोष्ट होती.

तो नाताळ नेमका कसा झाला असेल? मेणबत्त्यांचे जे गोल चक्र आज आगमनकाळात प्रत्येक चर्चमध्ये दिसते, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, ते तेव्हा बांद्र्यात असण्याची शक्यता नाही. ती चाल जर्मनीतल्या प्रॉटेस्टंटांची. योहान विखेर्न यांनी १८३९ साली हॅम्बुर्गच्या एका अनाथाश्रमात ती सुरू केली आणि कॅथलिकांनी ती विसाव्या शतकात उचलली. मिस्सा लॅटिनमध्ये होई. नाताळाच्या आदल्या दिवशी उपवास असे. शुक्रवारी मांस वर्ज्य, पण नाताळच शुक्रवारी आला तर ते चालते, अशी सवलत तेराव्या शतकापासून होती. म्हणजे २५ डिसेंबर १८९६ च्या शुक्रवारी ज्यांच्या घरी काही रांधले गेले, त्यांनी ते निर्धास्तपणे खाल्ले असेल; नियमांच्या बाजूने निर्धास्तपणे, एवढेच. त्या वर्षी कुलकुल वळायला गल्लीतल्या किती बायका एकत्र बसल्या असतील, याची कुठे नोंद नसते. मात्र मेलेल्यांची असते.

एका चर्चच्या दफनांची वही मला काही वर्षांपूर्वी पाहायला मिळाली. चर्चचे नाव मी लिहीत नाही, कारण फादरांनी ती दाखवताना तसा शब्द घेतला होता. नोंदी पोर्तुगीजमध्ये. नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, कुठल्या गल्लीचा, संस्कार मिळाले की नाही. डिसेंबरच्या अखेरीपासून एक शब्द वारंवार येऊ लागतो : ‘पेश्त’. आधी तो पूर्ण लिहिलेला आहे, मग लिहिणाऱ्याचा हात थकला असावा, नुसते आद्याक्षर येते. मावशींच्या गल्लीचे नाव मी बोट ठेवून शोधत गेलो. एक पान उलटले आणि थांबलो. अर्ध्या पानाहून थोडी कमी अशी त्या एका गल्लीची नावे होती. त्यांत एकाच घरातल्या आईचे आणि तान्ह्या मुलाचे नाव एकाखाली एक.

मी ती नावे उतरवून घेतली आणि मावशींना सांगितले नाही. सांगण्यासारखे काय होते? ‘एकसुद्धा मेला नाही’ हे त्यांनी आजीकडून ऐकले होते, आजीने तिच्या सासूकडून. छापखान्यातल्या एका माणसाने शब्दकोशाच्या जोरावर ते खोटे पाडावे, यात मला काही मर्दुमकी वाटेना. अशी चार-पाच वर्षे गेली.

मग २०२० आले. मार्चच्या शेवटी चर्चेस बंद झाली. ईस्टर बंद दारांमागे गेला. २७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये पावसात, रिकाम्या चौकात एकट्याने प्रार्थना केली, तेव्हा त्यांच्या शेजारी एक जुना लाकडी क्रूस उभा केलेला होता. सान मार्चेल्लो या चर्चमधला तो क्रूस १५२२ च्या महामारीत रोमच्या रस्त्यांवरून मिरवला होता. मी ते दूरदर्शनवर पाहिले आणि पहिल्यांदा मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, “बघितलंस? त्यांचाही प्लेगचा क्रूस आहे.” त्यांच्या आवाजात चांगलाच अभिमान होता.

त्या आठवड्यातच मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. ३० मार्चला महापालिकेने परिपत्रक काढले, की कोविडने मेलेल्यांचे धर्म न पाहता दहनच करावे. काही तासांत ते बदलले गेले. पुढे बांद्र्याच्या कबरस्तानांवरून उच्च न्यायालयात वाद गेला आणि मे महिन्यात न्यायालयाने दफनाला मुभा दिली. कॅथलिकांना १९६३ पासून दहन चालते, पण चालणे वेगळे आणि आपल्या आईला मातीत ठेवता येणार नाही असे एका संध्याकाळी ऐकणे वेगळे. मावशी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी मुलाला बोलावून सांगितले होते म्हणे, की मला जाळलेत तरी राख आजीच्या कबरीतच ठेवा.

दारावरच्या ओट्यावर बसून त्यांनी ते सात-आठ महिने काढले. मिस्सा मोबाइलवर. मुलगा फोन भिंतीला टेकवून ठेवी आणि परमप्रसादाची वेळ आली की मावशी डोळे मिटून घेत, कारण पडद्यातून ते मिळत नाही. १६ नोव्हेंबरला, दिवाळी-पाडव्याला, राज्यातली देवळे, मशिदी, चर्चेस उघडली. पण पासष्टीच्या पुढच्यांनी घरीच राहावे असे सांगितलेले. म्हणजे आगमनकाळ सुरू झाला तेव्हा चर्च उघडे होते आणि मावशी बाहेरच होत्या.

दोन कॅलेंडरे जुळल्याचे सांगायला मी त्यांना फोन केला तो याच दिवसांत. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेले, की मावशी, तुमच्या गल्लीतही त्या वर्षी माणसे गेली होती. पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटले फोन कटला.

“नावं आहेत?” त्यांनी विचारले.

आहेत म्हटले.

“मग घेऊन ये. आम्ही इतकी वर्षं त्यांच्यासाठी काही म्हटलंच नाही.”

लोकल सर्वांसाठी बंद होती. बायकांना ऑक्टोबरपासून ठरावीक वेळात परवानगी होती, म्हणजे आमच्या सौभाग्यवती जाऊ शकत होत्या आणि मी नाही. ६ डिसेंबरला, आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी, मी स्कूटरवरून वसईहून बांद्र्याला गेलो. इतक्या लांब स्कूटर चालवायची ही माझी पहिली आणि शेवटची वेळ.

गल्लीत संध्याकाळची रोझरी पुन्हा सुरू झाली होती. पण जमून नव्हे. जो तो आपापल्या दारात, ओट्यावर, खिडकीत उभा. मधे क्रूस, त्याच्यापुढे चार मेणबत्त्या, दोन पेटलेल्या. कुणीतरी चर्चमधल्या चक्राची नक्कल गल्लीत आणली होती. १८९६ मध्ये घर सोडून माणसे या मोकळ्या जागेत एकमेकांजवळ आली. आता धोका एकमेकांच्या श्वासात होता आणि घर सुरक्षित होते. तेव्हाचा उपाय आताचा अपाय झाला होता, आणि तरी उभे राहण्याची जागा तीच होती. मी वहीत लिहिले तेव्हा हे इतके नीट सुचले नव्हते. तेव्हा मी फक्त दारे मोजली होती.

नावे वाचण्याला सगळ्यांची संमती नव्हती. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन, म्हणजे सहा फुटांवरून, सांगितले, की आधीच माणसे घाबरलेली आहेत, त्यात हे कशाला? आणि आमच्या बापजाद्यांनी सांगितलेले तुम्ही खोटे ठरवणार? मला उत्तर सुचेना. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मावशींनी ओट्यावरून एवढेच म्हटले, की ज्याला ऐकायचे नसेल त्याने खिडकी लावावी. कुणी लावली नाही. त्या गृहस्थांनीही नाही.

रोझरी संपल्यावर मी मास्क लावूनच वाचायला सुरुवात केली. नाव, वय, तारीख. प्रत्येक नावानंतर दारांमधून मृतांसाठीचा ठरलेला प्रतिसाद येई. मी आडनाव उच्चारले की एखाद्या खिडकीत हालचाल होई. ती आडनावे अजून त्याच गल्लीत नांदत होती. एका आडनावाला मात्र कुठूनच हालचाल आली नाही. ते घराणे गेले असेल किंवा संपले असेल. आई आणि तान्हे मूल ही दोन नावे मावशींच्याच घराण्यातली निघाली. मला आडनावावरून अंदाज होता, पण पणजोबांची ती पहिली बायको होती हे मला ठाऊक नव्हते आणि मावशींनाही त्या क्षणापर्यंत नव्हते. पणजोबांचे दुसरे लग्न झाले होते हे घरात सगळ्यांना माहीत होते. पहिलीचे काय झाले हे कुणी विचारले नव्हते.

मी जास्त थांबलो नाही. निघताना त्यांनी कागद मागून घेतला आणि दुसऱ्या आठवड्यात मुलाकरवी परत पाठवला.

पुढचे सगळ्यांना आठवत असेल. इंग्लंडमध्ये विषाणूचा नवा प्रकार सापडला, २१ डिसेंबरला राज्य सरकारने जाहीर केले, की २२ पासून ५ जानेवारीपर्यंत महापालिकांच्या हद्दीत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी. मध्यरात्रीची मिस्सा गेली. चर्चमध्ये पन्नासांहून अधिक लोक नकोत, असे आले. रोममध्येही संचारबंदी होतीच. पोपनी नाताळरात्रीची मिस्सा संध्याकाळी साडेसातला केली. एरवी पाद्र्याला नाताळाच्या दिवशी तीनच मिस्सा करता येतात. त्या वर्षी व्हॅटिकनने चारांना परवानगी दिली, म्हणजे पन्नास-पन्नास करून का होईना, थोडे अधिक लोक येऊ शकतील.

आमच्या वसईत नाताळ म्हणजे गोठ्यांचा सण. एरवी आगमनकाळभर गावोगावची मुले गवत, बांबू, माती गोळा करून येशूजन्माचे गोठे उभारतात आणि २५ तारखेनंतर आम्ही बिगरख्रिस्तीही नंदाखाल, निर्मळ, सांडोर, पापडी असे गोठे पाहत हिंडतो. त्या वर्षी बहुतेक गोठे दारापुरते, अंगणापुरते झाले. शेजारच्या मुलींनी कुलकुल घरीच वळले आणि डबा माझ्या फाटकाला टांगून लांबूनच हाक मारली. २४ तारखेला संध्याकाळी आमच्या जवळच्या चर्चची घंटा ऐकू आली तेव्हा उजेड पुरता मावळलेला नव्हता. मी वहीत वेळ लिहून ठेवली. रात्री बाराला गच्चीवर गेलो. एरवी या वेळी वसईचा अर्धा रस्ता नव्या कपड्यांत चर्चकडे चाललेला असतो. त्या रात्री घराघरांवरचे कागदी तारे पेटलेले होते आणि रस्त्यावर फक्त कुत्री.

हे मी लिहून ठेवले, कारण १८९६ च्या डिसेंबरातले असे कुणी लिहून ठेवलेले मला कधी सापडले नाही. घंटा किती वाजता झाली, कोण दारात उभे राहिले, कुलकुलाचा डबा कुठे टांगला. सरकारच्या तक्त्यात मृत्यू आहेत, चर्चच्या वहीत नावे आहेत, बाकी सगळे क्रुसाच्या चुन्याखाली गेले.

मावशी २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेल्या. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती आणि त्यांचे स्वतःचेच गोत त्याहून मोठे होते, म्हणून मी गेलो नाही. त्यांना मातीत ठेवता आले.

गल्लीत आता एक चर्चा चालू आहे. १८९६-९७ ची नावे एका फरशीवर कोरून क्रुसाच्या चौथऱ्याला बसवावी, असे काही जण म्हणतात. काही म्हणतात, बसवायचीच तर २०२० आणि २०२१ मध्ये गेलेल्यांचीही बसवा. ज्या गृहस्थांनी मला सहा फुटांवरून हटकले होते, त्यांचे म्हणणे आहे की क्रुसावर नावे नसतात, म्हणून तर तो सगळ्यांचा राहतो. मला ते म्हणणे जास्त पटते, पण मी बाहेरचा. माझे मत मी विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि अजून कुणी विचारलेले नाही. क्रुसाला गेल्या नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे चुना लावला गेला.

नावांचा कागद माझ्या वहीत आहे. मावशींनी परत पाठवला तेव्हा त्याच्यावर एका ठिकाणी पेन्सिलची खूण होती. तान्ह्या मुलाचे नाव मी शब्दकोशावरून पोर्तुगीज उच्चाराने लिहिले होते. त्यांनी त्याच्या वर, बारीक थरथरत्या देवनागरीत, घरात त्याला जसे हाक मारत असतील तसे लिहून ठेवले आहे.